फाट्यावर गाडी का थांबली नाही

महाड,
बुधवार, सकाळ (चहा अजून झालेला नाही, करणारं माणूस तुमच्याकडे आहे)

तीर्थस्वरूप मामा आणि तीर्थस्वरूप सासरेबुवा,

एकाच माणसाला दोनदा वाकून नमस्कार घालायचा म्हणजे माझ्या कमरेला जड जातं, पण सध्याची परिस्थिती पाहता मी तीनदाही वाकायला तयार आहे. मामींनाही पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? निरगुडीचा पाला बांधता की नुसतंच बांधल्याचं सांगता? मामींचा खोकला थांबला का? तांबडी गाय व्याली असेल तर कालवड की गोऱ्हा ते कळवावं. नाचणी कापून झाली असेल. सारिका हाताशी आहे म्हणजे तुम्हाला काळजी नाही. तिच्या कामाचा उरक मला ठाऊक आहे. (हे वाक्य मोठ्याने वाचावं.)

मुंबईत तीस वर्षं टॅक्सी चालवल्यामुळे तुमचा आवाज अजून हॉर्नच्या वर जातो. तुम्ही ओटीवर बसून पत्र वाचायला लागलात की खडकवाडीच्या शेवटच्या घरात ते ऐकू येतं. म्हणून मी कंसात खुणा केल्या आहेत. जिथे 'मोठ्याने' लिहिलंय तिथे शक्यतो चुलीच्या दिशेला तोंड करून वाचा. जिथे 'मनात' लिहिलंय तिथे कृपा करून मनातच वाचा. पत्र लिहिण्याचं कारण असं की सारिकाचा फोन रविवारपासून लागत नाही. तुमच्या गोठ्यामागच्या कातळावर उभं राहिलं की रेंज मिळते आणि ती रोज शेण टाकायला तिथूनच जाते. पण मी त्याचा काहीही अर्थ काढत नाही.

काल कंडक्टर हर्षदने तुमचा निरोप सांगितला. सगळी एसटी उतरेपर्यंत थांबला आणि मग सांगितला, इतका तो समजूतदार. "तुझे मामा बोलले, सुनील आता मोठा झाला. सासुरवाडीच्या खालनं तांबडी गाडी घेऊन गेला, बाजूला बाई बसलेली, पन थांबला नाय." मामा, निरोपातला शब्द न् शब्द खरा आहे. पण खरं आणि पूर्ण यात फरक असतो, असं ती बाजूला बसलेली बाईच सांगते. आणि ती बाई म्हणजे वकीलबाई प्रियदर्शिनी. वय अडुसष्ट, महाडच्या कोर्टात चाळीस वर्षं. शिवाय ती बाजूला बसलेली नव्हती. गाडी ती चालवत होती. बाजूला मी होतो. (मोठ्याने.)

आता मुळापासून सांगतो. वकीलबाईंच्या वडिलांनी फार पूर्वी मुंबईतल्या एका परदेशी साहेबाकडून ही इटलीची गाडी घेतली. चौऱ्याहत्तर सालची, दोन शिटांची, कमरेइतकी उंच. चालवायला बसायचं म्हणजे न्हाणीघरात पाटावर बसल्यासारखं बसायचं. तुमच्या टॅक्सीचं इंजिन पुढे होतं, रिक्षाचं पार मागे असतं. हिचं मधे आहे, शिटांच्या मागे आणि मागच्या चाकांच्या पुढे, माणसाच्या पाठीला पाठ लावून. पुढचं टोपण उघडलं तर आत बॅग ठेवायची जागा निघते. (पहिल्या दिवशी मी पुढचं टोपण उघडून "बाई, इंजिन चोरीला गेलंय" असं म्हणालो, ही महाडात पसरलेली गोष्ट खोटी आहे. मी "दिसत नाही" एवढंच म्हणालो होतो.) महापुरात ही गाडी वकीलबाईंच्या अंगणात छपरापर्यंत पाण्यात होती. चिखल धुतला, इंजिन उघडून पुसलं, पण मॅनिफोल्ड गेला.

मॅनिफोल्ड म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे, पण मामींसाठी सांगतो. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आणि हवा एकत्र होतात, आणि तिथून चार सिलिंडरना ते मिश्रण वाटून देणारं चार फाट्यांचं नळकांडं म्हणजे मॅनिफोल्ड. पंगतीतला वाढपीच म्हणा. वाढप्याने एका पानात चार भाकऱ्या वाढल्या आणि दुसऱ्यात अर्धी, की पंगतीत भांडण लागतं. तसंच इंजिनात लागतं. या गाडीचा वाढपी पुराच्या पाण्याने गंजून चिरला होता. मूळ कंपनी तो आता बनवत नाही. मग वकीलबाईंनी इंग्लंडातल्या कुठल्याशा कारखान्याकडून, जो दुसऱ्यांच्या गाड्यांसाठी असे सुटे भाग बनवतो, एक नवा मागवला. जुन्यापेक्षा मोठा, चकचकीत, हातात घेतला तर देवघरात ठेवावासा वाटेल असा.

घाई एवढ्यासाठी होती की वाईला त्यांचे धाकटे भाऊ मुरारीराव राहतात. त्यांची साठी रविवारी होती. मुरारीराव गेली कित्येक वर्षं म्हणतात की ताईला ही गाडी सांभाळता येत नाही, ती आपल्या बंगल्याच्या हिरवळीवर शोभेला ठेवावी, म्हणजे पाहुण्यांना फोटो काढता येतील. शेवटी भावा-बहिणीत ठरलं. रविवारी पंगतीची पानं मांडायच्या आत गाडी स्वतःच्या चाकांवर, कुणी न ओढता, न ढकलता, आंबेनळी घाट चढून वाईला आली तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. नाही आली तर गाडी हिरवळीवर, कुंड्यांच्या शेजारी. वकीलबाईंनी हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. पुण्याच्या एका मोठ्या गॅरेजवाल्याने काम पाहून हात जोडले, म्हणून त्या माझ्याकडे आल्या. मॅनिफोल्डच्या खोक्यात सूचनेचा एक कागद होता. बाईंनी चष्मा लावून तो वाचला आणि म्हणाल्या, "सुनील, यात एकच सूचना आहे. हे काम कसबी माणसाकडूनच करून घ्यावं. तुम्ही कसबी आहात का? नीट विचार करून सांगा." मामा, सव्वीस वर्षं मी गॅरेज चालवतो. जीप, टेम्पो, भातगिरणीचं इंजिन, काय म्हणाल ते चालू केलं. पण त्या बाईंच्या डोळ्यांसमोर मला सरळ हो म्हणता येईना. मी म्हटलं, "प्रयत्न करतो." त्या म्हणाल्या, "साक्षीदार टाळाटाळ करतोय," आणि किल्ली माझ्या हातात दिली.

पुढचे वीस दिवस मी कसे काढले ते सारिकाला विचारा. (नको, विचारू नका. मनात.) मधे इंजिन असलेल्या गाडीत हात घालायला तीन वाटा असतात आणि तिन्ही चुकीच्या. वरून झाकण उघडलं तर कोपरापर्यंत हात जातो आणि नट तिथून एक वीत पुढे असतो. खालून गेलं तर नट दिसतो, पण हात पोचत नाही. तिसरी वाट म्हणजे शिटामागे एक छोटी पत्र्याची खिडकी आहे, ती खोलायची, शीट काढायचं आणि डोकं आत घालायचं. डोकं गेलं. खांदेही गेले. मग पोट अडकलं. (सारिकाच्या हातच्या स्वयंपाकाचा दोष नाही. मोठ्याने.) अर्धा तास मी डोकं इंजिनात आणि पाय गाडीच्या दाराबाहेर अशा अवस्थेत होतो. गाडी वकीलबाईंच्याच अंगणात होती आणि त्यांची अशिलं तिथेच बाकावर बसतात. त्या दिवशी पोलादपूरकडच्या तुळजाबाई बांधाच्या भांडणासाठी आल्या होत्या. माझे पाय पाहून त्यांनी वकीलबाईंना विचारलं, "ह्याच्यावर कंचा दावा हाय?"

शेवटी तुळजाबाईंनी माझे घोटे धरले आणि ओढून काढलं. सत्तरीची बाई, पण भाताचे भारे वाहिलेले हात. तिथून पुढे वकीलबाईंकडे आल्या की त्या आधी माझ्याकडे येऊन बसायच्या. "झाला का रे तुझा मेनिफोल?" असं विचारायच्या, बॅटरी धरायच्या आणि त्यांच्या बांधाची हकिगत सांगायच्या. त्या बांधावरचं शिवणीचं झाड कोणी लावलं हे आता मी कोर्टात शपथेवर सांगू शकतो.

मॅनिफोल्ड बसला. पहिल्या दिवशी इंजिनाचं झाकण दोन बोटं उघडं राहिलं, कारण नवा मॅनिफोल्ड उंच आणि त्यावर कार्बोरेटर, त्यावर हवेच्या फिल्टरचा डबा. मी म्हटलं, झाकणाला वरून एक भोक पाडू. वकीलबाई म्हणाल्या, "माझ्या वडिलांच्या गाडीला कात्री लावायच्या आधी माझ्या कोटाला लावा." मग भातगिरणीच्या इंजिनाचा चपटा फिल्टर शोधून आणला आणि झाकण बसलं. अॅक्सिलरेटरची तार नव्या मॅनिफोल्डवर उलट्या बाजूने येत होती, तिथे रिक्षाची तार जोडली. आणि मग इंजिन चालू केलं.

चालू झालं, मामा! पहिल्या झटक्यात. अंगणातल्या अशिलांनी टाळ्या वाजवल्या. पण ते सरळ चालेना. आवाज चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा, जिना चढून आलेल्या माणसासारखी धाप लागायची, आणि मधून शिट्टी. मी कार्बोरेटर तीनदा खोलला. प्लग बदलले. टायमिंग तपासलं. दोन दिवस गेले. गुरुवारी दुपारी तुळजाबाई बाकावर बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "फुंकणीला भोक पडलं का चूल फुकताना असाच आवाज येतो. तुझ्या नळीला कुटं तरी भोक हाय."

मी त्यांना हसणार होतो. हसलो नाही, एवढंच माझं शहाणपण. बाटलीत साबणाचं पाणी घेतलं आणि चालू इंजिनावर मॅनिफोल्डच्या सांध्याला पिचकारी मारत गेलो. तिसऱ्या फाट्यापाशी पाणी आत ओढलं गेलं आणि शिट्टी बंद! तिथून हवा आत शिरत होती. तो चकचकीत इंग्लिश मॅनिफोल्ड तोंडाशी केसभर वाकडा होता. सपाट करायचा तर त्याहून सपाट काहीतरी हवं. महाडात तेवढी सपाट वस्तू एकच होती, वकीलबाईंच्या टेबलावरची जाड काच. मी मागितली. त्या म्हणाल्या, "या काचेवर चाळीस वर्षांत एकही खोटी सही झालेली नाही." आणि स्वतः फायली उचलल्या. काचेवर घासायची पेस्ट पसरून मी त्या दिवशी आणि शुक्रवारी मॅनिफोल्ड गोल गोल फिरवत घासला. सारिका गुरुवारी सकाळीच तुमच्याकडे नाचणीला निघून गेली होती. जाताना तिने विचारलं होतं, "रविवारी फाट्यावरनं जाशील तवा थांबशील ना? आई वाट बघंल." मी म्हटलं, "दहा वाजता. चहा तयार ठेव." हे मी म्हटलं होतं. मी नाकारत नाही.

शनिवारी इंजिन असं चाललं की काय सांगू. शिट्टी नाही, धाप नाही. चारही पानांत सारखं वाढलेलं. वकीलबाई आणि मी बिरवाडीपर्यंत चक्कर मारून यायला निघालो. कंपनीची पाळी सुटली होती, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कामगार उभे राहून बघत होते. बिरवाडीला वडापाव खायला थांबलो आणि तिथे घात झाला. पाच मिनिटांनी किल्ली फिरवली तर गाडी घरघरते आणि चालू होत नाही. इंजिन मधे असल्यामुळे गरम हवा कोंडते, मॅनिफोल्ड तापतो, आणि गाडी थांबली की कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळायला लागतं. धावत असताना वाऱ्याने ठीक राहतं. थांबली की गेली. पाऊण तास गार होऊ दिली तेव्हा चालू झाली. तेवढ्यात वकीलबाईंनी तिथल्या चार भाडेकरूंना खोलीच्या कराराचा फुकट सल्ला दिला.

म्हणजे रविवारचा नियम ठरला. महाडातून निघालं की वाईपर्यंत थांबायचं नाही. आता तुम्ही ड्रायव्हर माणूस, तुम्हीच सांगा. खडकवाडीचा फाटा कुठे आहे? ऐन चढात, वळणाला लागून. तिथे थांबलो, बंद पडली, की पाऊण तास गेला. ढकलायला एक अडुसष्ट वर्षांच्या वकीलबाई. मी शनिवारी संध्याकाळपासून सारिकाला अकरा वेळा फोन लावला. लागला नाही. (त्या वेळी खरंच रेंज नसणार. मोठ्याने.)

रविवारी साडेआठला निघालो. वकीलबाईंनी कोर्टातला काळा कोट घातला होता, का तर भावाने लांबून ओळखावं. पोलादपूर सोडलं आणि घाट सुरू झाला. मामा, तुम्ही आयुष्यभर गाडी चालवलीत, म्हणून तुम्हालाच सांगतो. असं इंजिन पाठीशी असलेली गाडी वळणाला कशी जाते! पुढचं टोक हलकं, जिकडे नजर जाईल तिकडे गाडी. कानामागे तो नवा मॅनिफोल्ड हवा ओढतो त्याचा आवाज, मोठं जनावर गवत खातं तसा भरदार. वकीलबाई ओठ दाबून हसत होत्या. एकदा म्हणाल्या, "वडिलांनी मला ही कधी चालवू दिली नाही. म्हणायचे, मुलींनी मधल्या इंजिनाची गाडी चालवू नये." "का?" मी विचारलं. "कारण दिलं नाही. तेव्हाच ठरवलं की वकील व्हायचं."

आणि मग फाटा आला. दहाला पाच कमी होते. लांबूनच सारिका दिसली. तिने ती निळी साडी नेसली होती. मामी कठड्यावर बसल्या होत्या, हातात किटली. सारिकाच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या असाव्यात. वळणासाठी गाडी हळू झाली, तशी ती हसली आणि पदर सावरून पुढे आली. वकीलबाईंनी विचारलं, "त्या कोण?"

"माझी बायको."

"थांबायचं का?"

"थांबलो तर बंद पडेल," मी म्हटलं.

वकीलबाईंनी गिअर टाकला. गाडी गरजली. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडलो, "नाय थांबत गो! तापलीय!" सारिका दहा-बारा पावलं गाडीमागे धावली. भाकरीचं फडकं वर धरलं होतं. मग उभी राहिली. मी आरशात बघितलं, पण त्या गाडीच्या आरशात मागचं इंजिनाचं झाकणच जास्त दिसतं.

पुढची हकिगत थोडक्यात. वर हवा गार झाली. महाबळेश्वरात पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागली होती. वकीलबाईंचा काळा कोट पाहून एका शिपायाने सलाम ठोकला आणि आम्हाला कडेने काढून दिलं, तरी तीन-चार मिनिटं उभं राहावं लागलंच. (तुम्ही म्हणाल, तिथे बरी बंद पडली नाही. तिथली हवा वेगळी. मनात.) पसरणीचा घाट उतरलो आणि एकला दहा मिनिटं असताना मुरारीरावांच्या फाटकातून आत शिरलो. केळीची पानं मांडायला घेतलीच होती. वकीलबाईंनी भावाच्या पायांपासून वीतभर अंतरावर गाडी उभी केली आणि किल्ली काढली.

मुरारीराव गाडीभोवती फिरले. "कुठे ढकलली नाहीत ना? ताई, खरं सांग." वकीलबाईंनी माझ्याकडे बोट केलं, "हे साक्षीदार आहेत." मुरारीरावांनी झाकणावर हात ठेवला, चटका बसला, आणि त्यांची खात्री पटली. मग साठीचा माणूस लहान आवाजात म्हणाला, "मी बसू का थोडा वेळ?" बसला. चालू करायला गेला तर अर्थातच होईना. तरी उतरला नाही. पंगत वाढली, लोक जेवले, मुरारीराव सोवळ्याने त्या गाडीत स्टिअरिंग धरून पाऊण तास बसून होते. वकीलबाईंनी त्यांना ताट गाडीतच नेऊन दिलं. मी दुरून बघत होतो. मामा, मला फार बरं वाटलं. महाडात तीन आठवडे लोक मला "काय इटालियन, झालं का?" असं विचारून हसत होते. तो मॅनिफोल्ड मी बसवला होता. चारही फाट्यांना सारखं वाढत होता.

तर असं आहे. गाडी थांबली नाही ती पेट्रोल उकळतं म्हणून, यात माझा काही दोष नाही, हे तुम्ही जाणकार माणूस म्हणून सारिकाला नीट समजावून सांगाल अशी आशा आहे. मामींच्या किटलीची माफी मागतो. तुमच्या गुडघ्याला आराम पडो, तांबडी सुखरूप सुटो, नाचणीला चार पायल्या जास्त उतरोत.

तुमच्या बहिणीचा मुलगा आणि तुमच्या मुलीचा नवरा, म्हणजे दोन्हीकडून तुमच्याच गळ्यातला,
सुनील

ता. क. वाईहून मी त्याच दिवशी एसटीने परत आलो. एसटी खडकवाडी फाट्यावर थांबते. रविवारीही थांबली. हर्षदने माझ्याकडे बघून दोनदा घंटी मारली. सारिका डोक्यावर नाचणीचा भारा घेऊन कडेने वर चालली होती. तिने बसकडे वळून पाहिलं तेव्हा मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. पायात चप्पल होती. एसटीचं पेट्रोल उकळत नाही, ती डिझेलवर चालते. हे तुमच्या लक्षात आलंच असतं, म्हणून मीच लिहितो.

आणखी एक. पत्र पुन्हा वाचून पाहिलं. खरं सांगायचं तर फाट्यावर दोन मिनिटं थांबलो असतो तर गाडी बंद पडली नसती. वकीलबाई अॅक्सिलरेटर दाबून इंजिन चढं ठेवणार होत्या, त्यांनी महाबळेश्वरात तसंच केलं. त्यांनी विचारलं तेव्हा त्यांचा पाय ब्रेकवर होता. नको मी म्हटलं. वीस दिवस लोक हसले होते आणि मला कसंही करून वाईला पोचायचं होतं. त्या एका वळणावर मला मॅनिफोल्ड जवळचा वाटला आणि सारिका वाट पाहील असं वाटलं. ती नेहमीच पाहते म्हणून. वकीलबाईंना फोनवर हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "यात बचाव नाही. गुन्हा कबूल करा." तर करतो आहे. (हे सगळं मोठ्याने. ओटीवर उभं राहून, आणि घाई न करता.)

शेवटचं, आणि कामाचं. शनिवारी वकीलबाई गाडी परत महाडला आणताहेत. महाबळेश्वरपासून उतारच आहे, इंजिन तापत नाही. बंद पडली तरी उतारावर सोडली की आपोआप चालू होते, तेव्हा या वेळी फाट्यावर हवा तितका वेळ थांबता येईल. वाईहून मला बाजूला बसायला बोलावलं होतं. मी नाही म्हटलं. शीट दोनच आहेत आणि त्यातलं एक सारिकाचं आहे. तिची इच्छा असेल तर तिने शनिवारी अकरा वाजता फाट्यावर यावं. मी सकाळच्या एसटीने तिथे येऊन उभा असेन, येताना थर्मासमधून चहा आणीन (मीच केलेला, तेव्हा मामींना आधी कल्पना द्यावी) आणि ती बसली की मागच्या एसटीने घरी जाईन. बसली नाही तरी उभा असेन. मात्र तिला एक गोष्ट आधीच सांगा, नंतर फसवलं असं नको व्हायला. त्या बाजूचं दार आतून उघडत नाही. एकदा बसली की महाड येईपर्यंत उतरता येणार नाही.